तानूबाईचं शिस्तीचं डांगर

एका जंगलात, बाळांनो, जिकडे पाहावं तिकडे झाडंच झाडं होती. तरीही तिथल्या प्राण्यांच्या डोक्यात परसबाग लावायचं खूळ शिरलं. हसू नका. मोठ्यांचं असंच असतं.

त्या जंगलात तानूबाई नावाची सशीण राहायची. गेल्या उन्हाळ्यात गवत करपलं आणि तिचं एक पिल्लू उपासमारीने गेलं. म्हणून यंदा तिने बिळामागे डांगराचं बी टोचलं. डांगर म्हणजे तांबडा भोपळा. सावलीत ठेवला तर उन्हाळाभर टिकतो. चार डांगरं मिळाली की उरलेली पाच पिल्लं जगणार होती. बिचारीला दुसरं काही नको होतं.

वेल छान पसरला. पिवळीधमक फुलं आली. आणि पाठोपाठ धवलराव आले.

धवलराव बगळे हे परसबाग मंडळाचे मार्गदर्शक. जन्मभर ते डबक्यात एका पायावर उभे होते. माती पिसांना लागू नये, एवढाच त्यांचा मातीशी संबंध. जंगलात अशांनाच तज्ज्ञ म्हणतात.

"तानूबाई, हा गोंगाट कसला?"

"मधमाश्या आहेत, सर."

"त्यांना आत कुणी घेतलं? आधी जाळी लावा. आणि ही लांब देठाची फुलं बघा. यांच्या मागे फळ आहे?"

तानूबाईने निरखून पाहिलं. काही फुलांच्या बुडाशी इवलंसं डांगर होतं. बाकीची नुसतीच डोलत होती.

"नाही, सर."

"म्हणजे आयतोबा! खाणार वेलाचं आणि मिरवणार. रोज सकाळी खुडून टाका."

शेजारच्या उकिरड्यावरून गजराक्का घूस ओरडली, "अगं तानू, ती नरफुलं आहेत! ती नसली तर फळ धरेल कसं? माश्यांना येऊ दे की बाई!"

धवलरावांनी चोच मुरडली. "यांचं शिक्षण किती?"

गजराक्काचं शिक्षण काहीच नव्हतं. तिच्या उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाला अकरा डांगरं लागली होती. पण ते कुणी विचारलंच नाही.

तानूबाईने जाळी बांधली. रोज पहाटे उठून नरफुलं खुडली. मग इवली डांगरं पिवळी पडू लागली आणि एकेक करून सगळी गळाली. ती धावत डबक्याकाठी गेली.

"सर, एकही राहिलं नाही हो! पोरांच्या तोंडात काय घालू?"

"अहो, अभिनंदन! वेलावरचा भार उतरला. पानं बघा कशी तकतकीत दिसतात!"

मंडळाने तिला 'आदर्श परसबाग' पुरस्कार दिला. शाल दिली, श्रीफळ दिलं. श्रीफळ मंडळाकडे एकच होतं. ते फोटो काढून झाल्यावर परत घेतलं.

गजराक्काने हाक मारली, "तानू, चार डांगरं घेऊन जा गं. पोरं सुकली."

तानूबाईची पावलं वळली होती. पण खांद्यावर शाल होती. आदर्श परसबागेची मालकीण उकिरड्यावरचं डांगर उचलते, हे कुणी पाहिलं तर?

"नको आक्का," ती म्हणाली, "तुझ्या वेलाला शिस्त नाही."

पोरांना मात्र शिस्तीपेक्षा भूक जास्त होती. ती एका दुपारी रांगेने कुंपणाखालून गेली आणि उकिरड्यावर जेवली. मग तिथेच राहिली. तानूबाईने कुंपणाआडून पाहिलं. पोरं बिया थुंकत हसत होती. तिलाही भूक लागली होती.

पण थांबायला वेळ नव्हता. तिने शाल नीट केली आणि व्याख्यान द्यायला गेली. विषय होता : 'परसबागेतून कुटुंबाचं पोषण.'

तात्पर्य : पोट भरायचं असेल, तर बाग लावावी. मान हवा असेल, तर तिला फळ धरू देऊ नये. आणि बाळांनो, आईचा सत्कार ठरल्याचं कळलं, की मुकाट्याने शेजारी जेवायला जावं.