पोटाच्या जरा खाली

अंघोळ करून आल्या आल्या कौशल्याबाईंनी मुलाला सांगितलं, "चेतन, मला जांघेत गाठ आलीय. आज दवाखान्यात जायचं."

चेतनचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबला. "आई, हळू बोल. खिडकी उघडी आहे."

"असू दे. गाठ काही खिडकीतून आलेली नाही."

कौशल्याबाई मेश्राम भंडाऱ्याला मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्या कात्रजला मुलाकडे आल्या. चेतन हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि अमेरिकेतल्या साहेबांशी फोनवर धडाधड बोलायचा. गाठ दुखत नव्हती, पण ती कसली आहे हे कळत नव्हतं, आणि न कळलेलं विचारल्याशिवाय सोडायचं नाही हा बाईंचा जुना नियम. चेतनने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पण एका अटीवर.

"तिथे मी बोलेन. तू गप्प बसायचं."

पोरगा कौतुकाने बरोबर येतोय म्हणून त्यांनी मान्य केलं.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काय त्रास आहे?"

चेतनने आजूबाजूला पाहिलं. "पोटाचा."

पोटाच्या डॉक्टरांनी बाईंकडे न बघता त्यालाच विचारलं, "पोटात कुठे दुखतं?"

"दुखत नाही. जरा खाली आहे."

"किती खाली?"

"बरंच खाली."

"म्हणजे पायात?"

"साधारण पायातच," चेतन म्हणाला.

"मग माझ्याकडे कशाला आलात?" म्हणत डॉक्टरांनी हाडांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. तिथल्या डॉक्टरांनी "पाय" एवढंच वाचलं, बाईंचं वय पाहिलं आणि दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढायला पाठवलं. "अहो, मला..." असं बाईंनी सुरू केलं, तेव्हा चेतनने पाण्याची बाटली पुढे केली. फोटो पाहून डॉक्टर खूश झाले. या वयात असे गुडघे क्वचित दिसतात, म्हणाले.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "गुडघ्यांचं कौतुक झालं. आता गाठीचं बघू."

"आई, मी सांगतो ना..."

"तू सकाळपासून सांगतोच आहेस."

त्या सरळ काउंटरवर गेल्या आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मैदानाला ऐकू जायचा तो आवाज लावला. "मला जांघेत गाठ आलीय. कोण बघतं?"

हॉलमधल्या सगळ्यांनी माना वर केल्या. चेतन भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागला.

"सर्जन मॅडम बघतात," ती मुलगी म्हणाली. "आजी, आधीच सांगायचं ना. अवघड जागेचं दुखणं म्हणून लाजलात का?"

"जागा अवघड नाही. मुलगा अवघड आहे."

सर्जन मॅडमनी बाईंना उभं करून खोकायला लावलं आणि लगेच सांगितलं, हर्निया आहे. आतडं बाहेर डोकावतंय. "लवकर आलात ते बरं केलंत. अडकलं असतं तर धावपळ झाली असती." बाईंनी पुढच्याच आठवड्याची तारीख पक्की केली आणि बाहेर आल्या.

चेतनने सगळं ऐकून घेतलं. पण तो जागचा उठेना.

"मॅडम अजून आहेत का?"

"आहेत. का रे?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "मलाही आहे. दिवाळीपासून."

कौशल्याबाईंनी त्याच्या मांडीवरची लॅपटॉपची बॅग उचलून स्वतःच्या खांद्याला लावली.

"ऊठ."

"आई, त्या बाई आहेत."

"तुझ्या जन्माच्या वेळी सुईणही बाईच होती."

चेतनची गाठ साधी चरबीची निघाली, पण ते कळायला अजून वेळ होता. आत्ता बाईंनी त्याला काउंटरसमोर उभं केलं आणि स्वतः एक पाऊल मागे सरकल्या. चेतन काहीतरी पुटपुटला.

"जरा मोठ्याने," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"जांघेत गाठ आहे," चेतन म्हणाला.

यावेळी हॉलमध्ये कोणी मान वर केली नाही. फक्त कोपऱ्यात सकाळपासून पेपर वाचत बसलेले एक गृहस्थ उठले, पेपरची नीट घडी केली आणि मुकाट्याने चेतनच्या मागे येऊन उभे राहिले.