राज्याचे अधिकृत तापमान

हवामान बदलले म्हणून शासनाने बदलू नये, यातच शासनाचा भारदस्तपणा असतो. आमच्या राज्याने हे फार लवकर ओळखले आणि एकोणीस महिन्यांपूर्वी 'हवामान बदल प्रतिसाद कक्ष' स्थापन केला. मी या कक्षाचा कार्यालय अधीक्षक. कक्षाने हवामान बदलाला प्रतिसाद द्यायचा आणि जनतेला तो मी खिडकीतून कळवायचा, अशी कामाची वाटणी आहे.

कक्षाचे पहिले मोठे काम म्हणजे उष्मा प्रमाणपत्र. राज्यात चाळीस अंशांच्या वर तापमान गेले की उघड्यावर काम करणाऱ्यांना दुपारी बारा ते चार सक्तीची विश्रांती द्यायची, असा नियम झाला. नियम इतका चांगला होता की साहेबांनाच काळजी वाटायला लागली. उद्या कोणीही उठेल आणि गरम होतंय म्हणेल. म्हणून गरम होत असल्याचे प्रमाणपत्र आणणे आवश्यक ठरले. अर्ज तीन प्रतींत, अर्जदार स्वतः हजर, वेळ दुपारी बारा ते तीन (सकाळी गरम होत नसल्याने अर्जात तथ्य आहे की नाही ते तपासता येत नाही). रांग अंगणात. अंगणात पूर्वी चार झाडे होती, पण 'झाडे लावा' हा फलक रस्त्यावरून दिसेना, म्हणून ती काढावी लागली. रांगेत चक्कर येऊन पडल्यास अर्जदाराने रांग सोडली असे समजण्यात येते. मात्र तो खिडकीच्या दिशेने पडला असेल, तर सहानुभूतीपूर्वक विचार होतो.

आता तापमापकाविषयी. विरोधक यावरून फार ओरडतात, म्हणून नीट सांगतो. सुरुवातीला तो अंगणातच होता आणि आमचा शिपाई रोज दुपारी जाऊन आकडा टिपून आणायचा. पण आमच्याच नियमाचे कलम चार असे आहे की चाळीसच्या वर तापमान असताना कोणत्याही कर्मचाऱ्याला उन्हात पाठवू नये. तापमान चाळीसच्या वर आहे हे शिपायाला उन्हात पाठवल्याशिवाय कळत नव्हते आणि कळले की त्याला पाठवले हेच नियमबाह्य ठरत होते. शिपाई तसा कायद्याला धरून चालणारा माणूस. त्याने पाय रोवले. तीन बैठका झाल्या. शेवटी तापमापक साहेबांच्या केबिनमध्ये, एसीच्या बरोबर समोर, हलवण्यात आला. तेव्हापासून राज्याचे अधिकृत तापमान चोवीस आहे.

निकाल तुमच्यासमोर आहेत. कक्ष स्थापन झाल्यापासून राज्याचे तापमान वीस अंशांनी उतरले. आजवर तीन हजार आठशे बारा अर्ज आले, सगळे निकाली निघाले, एकही मंजूर करावा लागला नाही. इतर राज्यांची शिष्टमंडळे येऊन आमची केबिन बघून जातात आणि जाताना शाल मागतात.

अशा सुरळीत कारभारात गेल्या मंगळवारी रस्ते करणाऱ्या टोळीतल्या एक मावशी आल्या. हाताला डांबर, डोक्याला ओला टॉवेल, तोही रांगेत वाळून कडक झालेला.

"माझी धाकटी बहीण काल डांबराच्या पिंपाजवळ कोसळली," त्या म्हणाल्या. "आज परत उभी आहे तिथे. बारा ते चार काम थांबवायचा तेवढा कागद द्या, म्हणजे कंत्राटदार ऐकेल."

"मावशी, चोवीस आहे," मी म्हणालो.

"कुठे?"

"राज्यात."

त्यांनी वाद घातला नाही. खिडकीच्या फटीतून हात आत घातला आणि म्हणाल्या, "लावून बघा." मी हात लावला. नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखा लागला (हे माझे वैयक्तिक निरीक्षण असून त्याला शासकीय आधार नाही). मला वाईट वाटले. इतके वाईट वाटले की मी त्यांचा अर्ज फेटाळताना शिक्का सरळ मारला.

तेवढ्यात वीज गेली. सगळे शहर एसी लावून बसले होते, ताण आला असणार. केबिनमध्ये त्या वेळी शीतलता समितीची बैठक भरली होती. तीन बाजूंनी काच, आत अकरा सदस्य आणि गरम चहाची दुसरी फेरी. तापमापकाचा पारा चढायला लागला. एकतीस, छत्तीस, एकोणचाळीस. दीड वाजता तो साडेचाळीसवर गेला आणि एकोणीस महिन्यांत पहिल्यांदाच राज्यात उन्हाळा जाहीर झाला.

साहेब निर्णयाला पक्के. त्यांनी तिथल्या तिथे विश्रांतीचा आदेश काढला आणि समितीसह तळघरातल्या वाहनतळात जाऊन बसले. मी खिडकीवर पाटी लावली : 'अति उष्णतेमुळे कार्यालय चारपर्यंत बंद.'

मावशींनी पाटी दोनदा वाचली. "म्हणजे आता गरम आहे ना? कागदोपत्री?"

"हो तर. अगदी अधिकृत."

"मग द्या प्रमाणपत्र."

"कसं देणार मावशी? गरम आहे म्हणून ऑफिस बंद आहे."

त्यांनी अर्जाची घडी घातली, तो डोक्यावर धरला आणि त्या निघून गेल्या. चार वाजता वीज आली, सव्वाचारला राज्य पुन्हा चोवीसवर आले. बहीण मात्र सव्वादोनलाच दुसऱ्यांदा कोसळली होती. या वेळी पिंपावर. जगली, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला आहे आणि बोटे हलतील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत.

चौकशी माझ्याकडे आली. मी कंत्राटदाराला झापायला गेलो. अहो, कागद नव्हता तरी माणुसकी म्हणून काही असते की नाही, दुपारची कामे सकाळी उरकता आली असती. त्याने एक मंजूर अर्ज पुढे केला. रस्त्यालगतच्या रहिवाशांचा. सकाळी रोलरच्या आवाजाने झोपमोड होते, संध्याकाळी फिरायला जाताना डांबराचा वास येतो, तरी काम फक्त दुपारी बारा ते चार करावे, त्या वेळी आम्ही खिडक्या लावून आतच असतो. हा अर्ज मी स्वतः एका दिवसात मंजूर केला होता, कारण त्याला तापमानाची अट नव्हती. खाली दोनशे बारा सह्या आहेत. माझी शेवटून तिसरी आहे. तुमची पहिल्या पानावर आहे, आणि अक्षर चांगले आहे तुमचे, अजिबात घाम फुटलेला दिसत नाही.