येळवशीची मुलाखत

आमच्या गल्लीत सकाळी पोथी वाचणारे तिघं आहेत आणि शासन निर्णय वाचणारे एकटे मन्मथआप्पा. आंघोळ उरकून, कपाळाला विभूती लावून ते ओट्यावर बसतात आणि खणखणीत आवाजात सुरू करतात, "वाचा : एक, दोन, तीन. प्रस्तावना." मी शेजारी राहतो. त्यातून शाळेत मास्तर. त्यामुळे ऐकणं मला चुकत नाही.

आप्पा आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीच्या तहसिलात कारकून होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण कचेरी अंगातून गेलेली नाही. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "लिवलंय का कुठं?" डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं, तर ते लिहून घेतलं आणि खाली सही-शिक्का मागितला. एकदा काकू म्हणाल्या, चार दिवस माहेरी जाते. आप्पांनी अर्ज मागितला. काकूही काही कमी नाहीत. त्यांनी अर्ज दिला आणि कारण लिहिलं, 'नवऱ्याचा कंटाळा'. आप्पांनी त्यावर 'मंजूर' असा शेरा मारून कागद फायलीला लावला.

वाशीच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा आम्ही सगळे नुसते माना वर करून बघत राहिलो. पाती फिरायला लागली, पण वर चढणारी माणसं परमुलखातली होती. आमच्या गावच्या वाट्याला आली ती रखवालदाराची काठी. मग खालच्या अंगाच्या खडकाळ रानात सौरऊर्जेचा प्रकल्प येणार असं कळलं आणि आप्पांनी कुठून तरी शासनाच्या नव्या ऊर्जा धोरणाची प्रत पैदा केली.

"सर, शासनानं आता वारा अन् ऊन बी दप्तरी घेतलंय," ते मला म्हणाले. "अन् हे बघा. स्थानिकांना रोजगारात प्राधान्य. हितं लिवलंय!"

त्या ओळीखाली त्यांनी लाल शाईनं इतक्या रेघा मारल्या होत्या की कागद फाटायला आला होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गावातल्या आयटीआय झालेल्या पोरापोरींची यादी करायला घेतली. नाव, ट्रेड, पास झाल्याचं वर्ष, शेरा. मी थट्टेनं विचारलं, "आप्पा, तुम्हाला काय मिळणार यातून?" एरवी ते चिडले असते. तेव्हा नुसता चष्मा पुसत बसले.

यादीत पहिलं नाव सुनंदाचं होतं. आमच्या समोरच्या दिगंबरची मुलगी. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून आलेली, हातात टेस्टर घेतला की तहानभूक विसरणारी. पण दिगंबरनं स्पष्ट सांगितलं होतं, "आप्पा, नोकरी लागली तर दोन वर्सं थांबतो. न्हाय तर माघात बार उडवून टाकतो. पोरगं पुन्याला हाय, स्थळ हातचं घालवू का?" सुनंदा आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

आप्पांनी कंपनीच्या साहेबांना पाच अर्ज केले. पाचव्याला उत्तर आलं : मुलाखती घेऊ, तारीख कळवा. आप्पांनी आपली डायरी काढली, मंगळवार निवडला, तारीख कळवली आणि कंपनीचं पत्र लॅमिनेट करून आणलं. गल्लीभर दाखवलं. आणि मुलाखतीच्या दोन दिवस आधी काकू भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "अवो, त्या दिवशी येळवस हाय की."

आप्पांची डायरी पुण्यात छापलेली. तिच्यात तिथी नव्हती.

आमच्या भागात येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील पोटाला तडस लागेपर्यंत खायचं. त्या दिवशी घरची लेक मुलाखतीला पाठवणारा बाप अजून जन्माला यायचाय. दिगंबर म्हणालाच, "येळवशीला लेक रानात न्हाय म्हंजे लक्ष्मी रुसली."

आप्पांचा चेहरा उतरला. मी त्यांना घेऊन प्रकल्पावर गेलो. साहेब तरुण होते, बाहेरगावचे, स्वभावानं बरे. पण आप्पांच्या तारखेवर दौरा ठरून गेलेला, आणि मुलाखत घेणारे मोठे साहेब तेवढ्या एकाच दिवशी येणार होते. "कुणी आलं नाही तर 'स्थानिक उमेदवार उपलब्ध नाहीत' असं लिहावं लागेल. मग भरती बाहेरून," ते म्हणाले.

हे वाक्य आप्पांनी नोकरीत किती फायलींवर लिहिलं असेल कोण जाणे. ते खुर्चीतून उठले.

"मग साहेब, तुमीच शिवारात या. पोरं हितनं हाकेवर हायेत."

"रानात मुलाखत? असं कुठं लिहिलंय?"

 आप्पा अवघडून म्हणाले, "लिवलेलं न्हाय. पन येळवशीला रानात आलेल्या मानसाला आमी उपाशी जाऊ देत न्हाय. ते बी कुठं लिवलेलं न्हाय."

आणि खरंच, मंगळवारी दोन्ही साहेब दिगंबरच्या रानात आले. आधी पानावर बसवल्याशिवाय दिगंबरनं त्यांना बोलूच दिलं नाही. मोठ्या साहेबांनी आंबिलीचे तीन तांबे रिचवले. तिसऱ्यानंतर त्यांचे डोळे मिटायला लागले, पण माणूस कामाचा पक्का. कोपीसमोर सतरंजीवर बसून त्यांनी एकेकाला बोलावलं. सुनंदाची पाळी आली तेव्हा कागद बाजूला ठेवून म्हणाले, "ती विहिरीवरची मोटार बंद का आहे?"

मोटार चार दिवस बंद होती, जेवताना दिगंबरनं तसं सांगितलंही होतं. गावातला मिस्त्री बघून गेला होता आणि मोटार जळाली म्हणून सांगून गेला होता, त्यामुळे दिगंबरनं लेकीला पेटीला हात लावू दिला नव्हता. सुनंदानं पदर खोचला, मेन स्विच पाडला, स्टार्टरची पेटी उघडली. "मोटार जळाली न्हाय साहेब. हितला काँटॅक्ट खराब झालाय." तिनं पॉलिशपेपरनं तो घासला, वायर आवळली, मेन स्विच चढवला आणि बटण दाबलं. पाइपातून भसाभसा पाणी आलं. दिगंबर पाण्याकडे बघत होता की लेकीकडे, ते मला कळलं नाही.

पाच जणांची निवड झाली. सुनंदाचं नाव तिथंच सांगितलं. आप्पा टाळ्या वाजवतील असं वाटलं होतं, पण ते उठून बांधावर जाऊन बसले. मी मागोमाग गेलो.

"सर," ते म्हणाले, "आमच्या महानंदानं बी वायरमनचा फारम आनला होता. वीस वर्सं झाली. माझी सही पायजे होती. पोरीच्या जातीनं खांबावर चढायचं? म्या फारम ड्रॉवरात टाकला अन् सांगितलं, मुदत संपली. मुदत संपली नव्हती. जिंदगीत तेवढा एकच शेरा खोटा मारला."

महानंदा त्यांची एकुलती लेक, अक्कलकोटला दिलेली. पंचमीला येते, दोन दिवस राहते, जाते. आप्पांशी ती फार बोलत नाही, हे आम्ही शेजारी बघत आलो होतो. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली.

"तिला सांगा," मी म्हटलं.

त्यांनी तिथंच फोन लावला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर. सुनंदाचं सगळं सांगून झालं, मग घसा खाकरून म्हणाले, "महानंदा, तुझ्या त्या फारमाची मुदत..."

"संपली नव्हती, आप्पा," पलीकडून आवाज आला. "ठावं हाय मला. म्या तवाच आयटीआयात जाऊन विचारलं होतं. आठ दिवस होते."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? सही तुमचीच पायजे होती."

आप्पांनी फोन तोंडाजवळ धरला. "चुकलं माझं, माय," ते म्हणाले.

 मग महानंदा हळू म्हणाली, "आमची श्रेया दहावीला हाय. ती बी आयटीआय म्हनतीय. उन्हाळ्यात तिला घेऊन येते. फारम तुमीच भरा."

आप्पांनी नुसती मान हलवली. परत हलवली.  पलीकडे महानंदा "आप्पा? आप्पा?" करत होती. शेवटी मीच फोनकडे वाकून सांगितलं, "हो म्हणतायत."