हेडफोनच्या घरचं कुणी ओळखीचं नाही

घराची प्रतिष्ठा भिंतींवर नसते, दारावर असते. न विचारता आत कोण येतं आणि उंबऱ्यावर कुणाला थांबवलं जातं, यावरून घराण्याची पारख होते.

आमच्या बारामतीच्या घराला असं एक जादा दार आहे. घरून काम करता यावं म्हणून पुण्याच्या कंपनीनं माझ्या संगणकाच्या आत आणखी एक संगणक बसवून दिला आहे. तो आभासी आहे. पगार मात्र त्याच्यात काम केल्याशिवाय मिळत नाही. एकाच्या पोटात दुसरं, ही व्यवस्था मला नवी नव्हती. (फरक इतकाच, की हा आतला लाथा मारत नाही आणि त्याचं डोहाळजेवण करावं लागत नाही.)

आतल्याचा स्वभाव आमच्या घरासारखाच मोकळा निघाला. बाहेरच्या संगणकाला कुणीही वायर जोडो, तो तिला न विचारता आत ओढून घ्यायचा. माऊस आत, प्रिंटर आत. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चार्जिंगला फोन लावला, तोही आत. ऐन मीटिंगमध्ये माझ्या तक्त्यांवर भिगवणच्या चिलापी माशाचे फोटो उघडले: धुतलेला, चिरलेला, तळलेला. आमचे वरिष्ठ नीळकंठ सर शाकाहारी आहेत. त्यांनी सौम्य शब्दांत कळवलं, की पुढच्या मीटिंगमध्ये काही गडबड झाली तर यापुढं रोज पुण्याच्या ऑफिसात येऊन बसावं लागेल.

माझी लेक स्वराली दहा महिन्यांची आहे आणि बाटलीला तोंड लावत नाही. त्यामुळे प्रश्न गंभीर होता.

उपाय सोपा होता. कोणतं उपकरण आपोआप जोडायचं आणि कोणतं विचारून, हे आधी ठरवून ठेवता येतं. मी जेवताना तसं बोलले. आबा पंचायत समितीतून निवृत्त झालेत. त्यांनी घास तसाच ताटात ठेवला.

"हे येकट्यानं करायचं काम न्हाय. ह्याला कमिटी लागती."

कमिटीत आबा अध्यक्ष, सासूबाई ताईबाई सदस्य आणि मी निमंत्रित. (मतदानाचा अधिकार नाही, टायपिंगचा आहे.)

"कंपनी इचारतंय, मॉडेल इचारतंय, नंबर इचारतंय," आबा पडद्यावरच्या रकान्यांकडं बघत म्हणाले. "गाव इचारत न्हाय? पाव्हणं कोण, त्ये इचारत न्हाय? मग चांगला का वाईट, कळायचं कसं?"

ही उणीव भरून काढणारी नियमावली मंजूर झाली. घरच्या उपकरणांना आपोआप प्रवेश. परक्यांना परवानगीनं, आणि परवानगीचा पासवर्ड अध्यक्षांकडे. ज्यांच्याकडे आपण जेवलो आहोत, त्यांचं काहीही परकं धरू नये.

या शेवटच्या नियमानं मोठं काम केलं. शेजारच्या कुशाबाईंचा फोन आत आला (पुरणपोळी, दोनदा). इंदापूरच्या आत्याबाईंच्या सूरजभावजींचा पेन ड्राइव्ह आत आला, त्यात त्यांच्या हळदीतली सगळी गाणी असूनही. "त्याला भाईर ठिवला तर आत्याबाईला काय तोंड दावू मी?" असं ताईबाईंचं म्हणणं पडलं. पाळण्यावरचा कॅमेरा तर 'लेकरावर नजर ठेवतो, सबब घरचाच' असा एकमतानं आत. एकूण सत्त्याण्णव टक्के उपकरणांना प्रवेश मिळाला. उरलेले तीन टक्के म्हणजे माझा हेडफोन.

"ह्यो ऑनलाइन आलाय," खोका उलटासुलटा करत आबा म्हणाले. "ह्याच्या घरचं कुणी वळखीचं न्हाय."

"पण आबा, मला मीटिंगमध्ये बोलायचं असतं ते त्याच्यातूनच."

"मग परवानगी घ्यायची आन् बोलायचं. न्हाय कोण म्हणतंय?"

मीटिंगच्या वेळी अध्यक्ष पासवर्डसह पणदऱ्याला साखरपुड्याला गेले होते. फोन उचलत नव्हते. बहुधा पंगतीत होते. इकडं मीटिंग सुरू झाली. हेडफोन उंबऱ्यावर. कॅमेरा मात्र नियमानुसार आपोआप आत, त्याच्या पोटातल्या माइकसकट.

पुण्याला सगळ्यांच्या पडद्यावर स्वराली दिसली: पायाचा अंगठा तोंडात, डोळे अर्धे मिटलेले. पाळण्याला झोका देणारा हात दिसत होता आणि ताईबाई तिला समजावत होत्या.

"तुझ्या आयचा सायेब न्यायला बसलाय बग तिला. न्हिऊ दे. पर मला दूध कोण देनार म्हनावं? तू देतो का म्हनावं, टकल्या?"

टक्कल हा अंदाज होता, पण बरोबर होता.

मी कॅमेऱ्याची वायर उपटायला हात घातला, तोच पडद्यावर सरांचा संदेश उमटला: राहू द्या.

त्या मीटिंगला उपस्थिती शंभर टक्के राहिली, मध्येच कुणी उठलं नाही आणि जांभई एकच नोंदली गेली (स्वरालीची). संध्याकाळी लेखी निर्णय आला. मी घरूनच काम करावं. कॅमेरा आपोआप जोडलेला असावा. हेडफोन गरज पडल्यास.

"बघ," पणदऱ्याहून परतलेले आबा म्हणाले, "कमिटी म्हंजे कमिटी."

मी स्वरालीला छातीशी धरून इतकी हसले, की तीही दूध सोडून हसायला लागली. आता लेक न विचारता दिसते, सासूबाई न विचारता ऐकू येतात आणि मला बोलायचं असेल तर अध्यक्ष घरी असावे लागतात. काम उत्तम चाललं आहे.

काही वाचकांना हा माझ्यावर अन्याय वाटेल. कळवळ्याबद्दल त्यांचे आभार. मात्र हे वाचता वाचता तुमच्या हाताशी कुणीतरी चहाचा कप ठेवून गेलं आहे. कोण, ते मान वर न करता सांगता आलं ना? मग तुमच्याकडची जोडणीही व्यवस्थित चालू आहे. निवायच्या आत पिऊन घ्या.