आबाजींनी सांगितलेलं काम

आबाजी काम सांगत आणि सांगून झालं की ते काम करायला आपल्याआधी जाऊन पोचत. "महादू, तू कर. मी निस्ता पाह्यतो," असं म्हणायचे. पाच मिनिटांत काम त्यांच्या हातात आणि निस्ता पाहणारा मी.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याची किंमत आली. अमरावतीला आबाजींचा व्यापार एकट्याच्या आवाक्याबाहेर गेला. त्यांनी अकरा माणसं ठेवली. मी त्यातला मुकादम. आम्ही अकराही जण सावलीत उभे राहायचो आणि आबाजी एकटे घामाघूम व्हायचे. वर ओरडायचे, "सारे माह्या जिवावर बसून खाऊन राह्यले!"

वखारीचं छप्पर शाकारायला मिस्त्री बोलावला, तर दुपारी आबाजी छपरावर आणि मिस्त्री खाली शिडी धरून. स्वयंपाकीणबाईंच्या हातून पळी घेऊन वरण ढवळायचे. एकदा तापानं फणफणले होते. वैद्य काढा करायला बसले तशी गोधडीतून आवाज आला, "सरका जरा, असा नाई उकळत."

बाईंनी दोनदा काम सोडलं. मी तीन वर्षांत मनातल्या मनात रोज सोडलं.

एकदा अकोल्याहून निरोप आला, शनिवारपर्यंत बारा बैलबंड्या कापूस खरेदीदाराच्या वखारीत पाहिजे. उशीर झाला तर तो दुसऱ्याचा माल घेणार होता. आबाजींनी मला बोलावलं.

"तू घेऊन जाय. मी येत नाई."

"नक्की?"

"म्हनलं ना! तुले काय लेकरू समजतो का मी?"

पहिल्याच मुक्कामाला बंड्या सोडतो न सोडतो, तर आबाजी तट्टावर हजर. बैलांना कडबा कमी पडेल म्हणे. मूर्तिजापूरला पुन्हा हजर. या वेळी दोर ढिले. मी हात जोडले. "आबाजी, मले काम द्या नाईतर घरी जाऊ द्या. काम माह्यं अन् हात तुमचे, हे जमत नाई!" ते तट्टू वळवून गेले. सुटलो, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाल्याकाठी थांबलो असताना एका गाडीवानाच्या चिलमीची ठिणगी शेवटच्या बंडीवर उडाली. कापूसच तो! ज्वाला वर चढली. विचारायला कोणी नव्हतं. मी बैल सोडले, बाकीच्यांना बंड्या पुढे हाका म्हणून ओरडलो आणि चौघांनी मिळून ती पेटती बंडी नाल्यात ढकलली. अकरा वाचल्या, एक गेली. माझे दोन्ही तळहात भाजून निघाले.

इतक्यात तट्टाच्या टापा वाजल्या. आबाजी गेले कुठले, मागच्या वळणाआडच होते. आता माझी धडगत नाही, म्हणून मी मान खाली घातली.

आबाजींनी नाल्याकडे पाहिलंच नाही. माझे हात पाण्यात बुडवले, खोबरेल लावलं, पागोट्याचा शेव फाडून बांधला.

मी चिडूनच विचारलं, "एवढा भरवसा नाई, तर मले पाठवलं कावून?"

"भरवसा हाय रे."

"मंग मांगं मांगं कावून येता?"

पट्टी बांधून झाली होती, तरी ते गाठ चाचपत राहिले.

"घरी कोन हाय माह्या? तुह्या काकूले जाऊन आठ वर्सं झाली. काम तुमाले देऊन टाकलं, तं मी काय दिवसभर भिताडाकडे पाहू?"

तीन वर्षं मी या माणसावर दात-ओठ खात होतो. त्यांच्या घरात जेवायला दुसरं ताट मांडलं जात नाही, हे रोज पाहूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"पुढच्या बंडीवर बसा," मी म्हटलं. "अकोल्यापर्यंत चला."

"काय करू तिथं?"

"काई नाई. माह्यासंग बसा."

ते अवघडून बसले. बैल चालू लागले. त्यांनी खाकरून विचारलं,

"महादू, तुह्या पोरीचं नाव काय रे?"

मी नाव सांगितलं. मग ती काय बोलते, कशी रुसते, तेही सांगत राहिलो. आबाजी एकदाही मध्ये बोलले नाहीत.