बंदोबस्त ढिला हाय

सुभेदार आबांनी पहिलं शिबिर नापास केलं ते झोपून.

तासगावातल्या त्या शाळेत उन्हाळी शिबिर भरणार होतं. आबा आत शिरले, वर्गाच्या फरशीवर आडवे झाले, टोपी उशाला घेतली आणि डोळे मिटले. शिबिराचे गुरुजी माझ्याकडे बघू लागले. मी खिडकीकडे बघू लागलो.

बराच वेळ गेल्यावर आबांनी एक डोळा उघडला. "गुरुजी, खिडकीचं वारं सरळ डोस्क्यावर येतंय. पोरांस्नी पडसं हुणार. बंदोबस्त ढिला हाय."

"पण साहेब, खिडकी लावून घेता येते की," गुरुजी म्हणाले.

"मग गुदमरत्याल," आबा म्हणाले आणि धूळ झटकत उठले.

आबांना पसंत करायचं होतं ते त्यांच्या मुलीसाठी, सुमीसाठी, शिबिर. सुमी पाचवीत होती. तिच्या वर्गातल्या मुली सुट्टीत शिबिराला जाणार होत्या आणि तिलाही जायचं होतं. एवढी साधी गोष्ट. पण आबांची नोकरी फौजेत झाली होती, गेल्याच वर्षी ते पेन्शनीवर घरी आले होते, आणि स्वतः मुआयना, म्हणजे फौजी तपासणी, केल्याशिवाय ते जगातली कुठलीच गोष्ट मंजूर करत नसत.

सांगलीत हळदीच्या पेठेमागे त्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत मी कॉलेजसाठी भाड्याने राहत होतो. दर रविवारी सकाळी आबा माझ्या खोलीत येऊन फळीवरून बोट फिरवायचे आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरायचे. घरातल्या माठाला, तव्याला, शेजाऱ्यांच्या सायकलीच्या ब्रेकला, सगळ्यांना 'बंदोबस्त ढिला' हाच शेरा मिळायचा. एकदा मंडईत त्यांनी एका कलिंगडालाही तो दिला होता.

मुआयन्याला ते मला बरोबर न्यायचे, कारण मी 'शिकल्याला माणूस'. माझी अडचण अशी होती की शिबिर म्हणजे काय ते मलाही नीट माहीत नव्हतं. आमचं गाव पूर्वेकडचं, कोरडं. वडील मेंढरं राखतात. आमच्याकडे उन्हाळ्यात पोरं मेंढरांमागं जायची, उघड्यावर झोपायची, मिळेल ते खायची. त्यालाच शहरात शिबिर म्हणतात हे मला आधी कळलं असतं, तर मेंढरांमागं धाडतात म्हणून मी घरच्यांवर इतका रुसलो नसतो. पण हे आबांना सांगायचा धीर मला झाला नाही. त्यांनी मेंढरांचाही मुआयना केला असता.

दुसरं शिबिर सांगलीतच, कृष्णेच्या घाटावर, पोहण्याचं. तिथले मास्तर अंगाने किरकोळ होते. आबांनी सदरा काढून माझ्या हातात दिला, पाण्यात उतरले आणि मधे जाऊन ओरडले, "मास्तर, मी बुडतोय असं समजा!"

मास्तरांनी तसं समजून उडी मारली. बिचाऱ्यांनी आबांना बगलेत धरलंही. पण आबांनी बुडण्यात कसलीच हयगय केली नव्हती. सगळं अंग त्यांनी मास्तरांवर सोडलं. दोघे खाली गेले. वर आले तेव्हा मास्तर आबांच्या खांद्यावर होते.

"मास्तरलाच मी वाचवला," घरी आल्यावर आबांनी मावशींना सांगितलं. मावशी म्हणजे आबांची बायको. "सांग, बंदोबस्त ढिला हाय का न्हाई?"

मावशी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आवं, पोरगी शिबिराला धाडायचीय. चीनवर फौज न्हाई धाडायची."

मलकापूरचं शिबिर आमटीत नापास झालं. आबांनी आचाऱ्याच्या हातातला पळा घेऊन पातेल्यात तळापर्यंत घातला आणि डाळ शोधली. आचारी म्हणाला, "साहेब, पोरांचं जेवण उद्यापासनं हाय. ही माझी एकट्याची आमटी हाय." पण निकाल बदलला नाही.

त्या संध्याकाळी सुमी माझ्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन बसली. म्हणाली, "दादा, आबांस्नी कुठलंच शिबिर आवडणार न्हाई का?"

"आवडेल की. अजून साताऱ्याचं राहिलंय."

"ते शेवटचं हाय. माझी मैत्रीण तिथंच चाललीया. तिथं तंबू असत्यात, डोंगर चढायचा असतोय." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी सांगा की आबांस्नी. तुमचं ऐकत्यात."

आबा कुणाचं ऐकतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. तरी मी हो म्हणालो. म्हणून टाकलं आणि रात्रभर पस्तावलो.

साताऱ्याच्या शिबिराच्या प्रमुख एक उंच, वयस्क बाई होत्या. पांढरं पातळ, पायांत कॅनव्हासचे बूट. आबा तंबूत आडवे होणार, तोच त्या म्हणाल्या, "थांबा, सतरंजीवर झोपा. मुलांना आम्ही सतरंजी देतो." आबा झोपले. वारा डोक्यावर येत नव्हता. विहिरीला जाळी होती. आमटीत डाळ होती. औषधांच्या पेटीत टिंक्चर होतं, आणि बाटलीला बूचही होतं. आबांनी तंबूची एक खुंटी हलवून बघितली. हलली नाही. दुसरी हलवली. मग सगळ्याच हलवल्या.

शेवटी ते आंब्याच्या झाडाखाली बसले. बाईंनी चहा दिला.

"काय सुभेदारसाहेब, कसा आहे बंदोबस्त?"

"पक्का हाय," आबा म्हणाले. गावी कुणी वारल्याचं सांगावं तसा त्यांचा आवाज होता.

"मग नाव घालू मुलीचं?"

"सांगतो इचार करून."

परतीच्या एसटीत आबा खिडकीशी बसले होते. कराड येईपर्यंत मी शब्द जुळवत होतो. शेवटी जे तोंडाला आलं ते बोललो. "आबा, या शिबिरात तर ढिलं काहीच नव्हतं."

"न्हवतं."

"मग?"

आबांनी खिडकीची काच वर केली, खाली केली. तीही ढिली होती, पण ते काही बोलले नाहीत.

"गड्या, मी रजेवर यायचो तवा ही मला 'पाव्हणं' म्हणायची," ते म्हणाले. "आईच्या मागं लपायची. रजा संपाया आली की कुठं जरा मांडीवर यायची. मग मी पहाटंच्या गाडीनं जायचो. बूट हातात घ्यायचो, वाजाय नको म्हणून. उठली की रडंल. दर रजंला असंच. आत्ता कुठं वरीस झालं आबा म्हणाया लागलीया."

मी म्हणालो, "तिला जायचंय, आबा."

आबा बाहेरच्या उसाकडे बघत राहिले. सांगलीच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "जा, मंजूर म्हनून सांग तिला. माझ्या तोंडानं हुईना."

शिबिराची गाडी पहाटे निघणार होती. मावशींनी आबांना आधीच बजावलं होतं, "तुमी स्टँडवर येऊ नगा. डायवरचा मुआयना कराल आन् गाडी जाग्यावरच ऱ्हाईल." आबा हो म्हणाले. हेच मला विचित्र वाटलं.

उन्हाळ्यामुळे आम्ही सगळे अंगणात झोपायचो. मला जाग आली तेव्हा मावशी फाटकाशी वळकटी घेऊन उभ्या होत्या. एरवी कावळ्याच्या आधी उठणारे आबा खाटेवर तोंडावरून चादर घेऊन पडलेले. सुमी पिशवी घेऊन बाहेर आली. चपला तिच्या हातात होत्या.

मी आबांना हाक मारायला वाकलो. तिने माझी बाही ओढली.

"उठवू नगा," ती हळूच म्हणाली. "रडत्याल."

"अगं, पण न भेटता..."

"आबा जायचे तवा मी तरी कुठं झोपल्याली असायची?"

ती अनवाणी पायाने अंगणातून गेली. मी खाटेकडे पाहिलं. तोंडावर ओढल्यामुळे चादर पायांना पुरली नव्हती. दोन्ही टाचा जुळलेल्या, बोटं आभाळाकडे, पाय सावधानमध्ये ताठ. झोपलेल्या माणसाचे पाय असे नसतात, एवढं मलाही कळतं.

फाटकाची कडी वाजली. पुढे कोपऱ्यावर चपला पायात घातल्याचा आवाज आला, मग तोही लांब गेला. तरी ते पाय विश्राममध्ये आले नाहीत.