लोखंडी चौकट, नग एक

बोल्ट अर्ध्यावर येऊन अडकला तेव्हा साडेदहा वाजले होते आणि ममता चौकटीतच उभी होती. कुसुमने तो उजवीकडे फिरवला, डावीकडे फिरवला, वरून खोबरेल सोडलं, शेवटी पदरात धरून जीव खाऊन पिळला. बोल्ट हलला नाही. तिच्या बोटांची सालं मात्र निघाली.

ममता पाच वर्षांची. दीड वर्षाची असताना तापात तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते. सिल्वासाच्या पंचायत हॉलमध्ये अनुराधाताई दर गुरुवारी अशा मुलांचे व्यायाम घ्यायच्या आणि बाकीचे दिवस स्कूटरवरून घरोघर फिरून आयांना शिकवायच्या. पोरीला रोज अर्धा तास उभी ठेवा, असं त्यांनीच सांगितलं होतं. त्यासाठी जवळच्या सायली गावातल्या सुताच्या कारखान्यातल्या चिंधा फिटरने ही चौकट जोडून दिली होती. मागे फळी, पुढे गुडघ्यांशी एक लोखंडी पट्टी आणि कमरेशी एक. कमरेची पट्टी सैल वाटली म्हणून त्याने कालच नवा बोल्ट घातला होता.

मार्गशीर्षातला गुरुवार होता, कुसुमचा उपास होता. पण तिचं लक्ष सारखं घड्याळाकडे होतं. कॅलिपरचं, म्हणजे लोखंडी आधाराच्या बुटांचं माप घेणारे शंतनु आज मुंबईहून हॉलवर आले होते. ते सहा महिन्यांतून एकदा येत. गेल्या खेपेला ममताला कांजिण्या निघाल्या होत्या. “ही खेप चुकवू नका हं,” अनुराधाताईंनी बजावलं होतं. “गुडघे आखडायला लागलेत. जूनपर्यंत थांबलो तर ऑपरेशनशिवाय बूट चढायचे नाहीत.” शंतनुंची जीप एक वाजता निघायची होती. आणि ममताचे वडील, गोकुळ, नेमके गावी गेले होते.

शेजारच्या बायडाबाई डोकावल्या. त्या साक्रीकडच्या. बोलल्या की तीन खोल्यांपलीकडे ऐकू जायचं.

“अवं माय! पोरीले कुलूप लावलं का काय तू?”

“बोल्ट अडकलाय, मावशी,” कुसुम हळूच म्हणाली.

“मग कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याचा पाना आणू ना!”

त्याचा पाना बोल्टला लहान पडला. सायकलवाल्याने आटे निरखले आणि सुतकी चेहऱ्याने सांगितलं, “वाकडे चढलेत. ज्याने बसवला त्यालाच बोलवा.”

ज्याने बसवला तो चिंधा पहिल्या पाळीला कारखान्यात होता. पाळी सुटायची तीन वाजता. तेव्हा बायडाबाईंनी आपल्या जावयाला, प्रभाकरला, भाजीच्या टेम्पोसकट बोलावलं. चौकट पोरीसकट उचलून टेम्पोत उभी केली. ममताने नवा परकर नेसला होता, केसांत अबोलीचा गजरा होता, कपाळाला ठसठशीत कुंकू. फळीला टेकून ती ताठ उभी, दोन्ही बाजूंना दोन बायका. सायलीच्या नाक्यावर एका म्हातारीने चप्पल काढून हात जोडले.

“जावईबापू, हळू चालवा,” बायडाबाई म्हणाल्या. “लोक पाया पडी राहिले.”

कारखान्याच्या गेटवर अरविंद वॉचमन होता. डहाणूकडचा माणूस, मिशी कातरलेली, इस्त्रीचा गणवेश. त्याच्या टेबलावर दोन वह्या होत्या, एक माणसांची आणि एक मालाची, आणि त्यांच्यापुढे तो सख्ख्या भावालाही ओळखत नसे.

“चिंधाला बाहेर पाठवा हो दादा, दोन मिनिटं,” कुसुम म्हणाली.

“पाळीत माणूस बाहेर नाय सोडत.”

“मग आम्ही आत जातो.”

“पोर आत नाय चालणार. बोर्ड वाचा. लहान मुलांस मनाई.”

“वाचता येतं मले!” बायडाबाई कडाडल्या. “पोर कुठं आत येतंय? पोर चौकटीत हाये. चौकट आत येतेय.”

हे त्या रागाने म्हणाल्या होत्या. पण अरविंद विचारात पडला. चौकटीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, “दुरुस्तीचा माल असेल तर जाईल. आवक करून.” आणि त्याने मालाची वही ओढून सुवाच्य अक्षरात लिहिलं: *लोखंडी चौकट, नग एक, दुरुस्तीसाठी.*

“आणि मी?” कुसुमने विचारलं.

“तुम्ही माल नाय. तुम्ही थांबा.”

ट्रॉलीवरून ममता आत निघाली. लोखंडी दार सरकलं, आणि कुसुमला मुलीच्या गजऱ्यापलीकडे काही दिसेना, मग तोही दिसेना. आतून यंत्रांची घरघर येत होती. अकरा वीस. अकरा तीस. चिंधा नेमका दुसऱ्या खात्यात गेला होता म्हणे. कुसुम मनात महालक्ष्मीची कहाणी म्हणू लागली, आणि आयुष्यात प्रथमच कहाणीतली राणी मध्येच हरवली.

बाराला पाच कमी असताना दार सरकलं. चिंधाच्या खांद्यावर ममता, मागे ट्रॉलीवर रिकामी चौकट.

“सुटली वहिनी!” चिंधा हसत म्हणाला. “काही नाय, दोन झटक्यांत—”

“थांब,” अरविंद म्हणाला. “हे मूल कुठून आलं?”

चिंधाने इकडेतिकडे पाहिलं. “आतून.”

“आत मूल गेलेलं नाय. वही बघ. चौकट, नग एक.”

“अरे, तूच तर सोडलीस!”

“मी चौकट सोडली. मूल आत गेलंच नाय, तर बाहेर कसं पडेल? उद्या साहेब विचारेल, कारखान्यात पोर कसं सापडलं? नोकरी माझी जाईल.”

“मंग काय आत ठेवी घेतो पोरीले?” बायडाबाईंनी कंबरेवर हात ठेवले. “तीन वाजता तिले सूत कातायले बसव!”

कुसुमचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही. “दादा, पंचायत हॉलवरून एक वाजता जीप जाते. तुम्ही सांगाल तसं करते. पण लवकर सांगा.”

अरविंदने वहीकडे पाहिलं, ममताकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे पाहिलं. “जशी आत आली तशी बाहेर न्या. माझं काय म्हणणं नाय.”

म्हणून मग चिंधाने सोडवलेली ममता पुन्हा चौकटीत उभी केली, बोल्ट हातानेच हलकासा लावला, पाना वॉचमनच्या स्टुलावर ठेवला आणि धावत मशीनवर गेला. टेम्पो सुटला. रस्त्यावर पहिलाच खड्डा आला तशी पट्टी लटपटली.

“पोरगी पडंल ना वं!” म्हणत बायडाबाईंनी चाकाला लावायचा दगड उचलला आणि बोल्टवर तीन घाव घातले. अगदी मायेने घातले. बोल्ट आधीपेक्षाही घट्ट बसला.

हॉलवर पोचले तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. शंतनु कागद गुंडाळत होते. ममताला पाहून मात्र ते खूश झाले. “वा! पावलाचं माप उभं राहूनच लागतं. सकाळपासून एक पाय सरळ मिळाला नाही मला.” त्यांनी तिच्या पावलांखाली कागद सरकवला, पेन्सिल फिरवली. कुसुमला वाटलं, देव पावला.

“छान. आता काढा बाहेर. मांडीचं माप आडवं झोपवून घ्यायचं.”

कुसुमने बायडाबाईंकडे पाहिलं, बायडाबाईंनी बोल्टकडे.

“काढा ना,” अनुराधाताई म्हणाल्या.

“ते मीच ठोकलं,” बायडाबाई म्हणाल्या. त्यांचा एवढा बारीक आवाज कुणी कधी ऐकला नव्हता.

प्रभाकरने पक्कड लावली, ती घसरली. शंतनुंकडे टेप आणि पेन्सिली होत्या. त्यांची हत्यारं मुंबईला कारखान्यात. बाहेर जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. “अंदाजाने लिहू का?” शंतनुंनी विचारलं. “नको,” अनुराधाताई म्हणाल्या, “अंदाजाच्या बुटाने जखमा होतात. मग मूल बूटच घालत नाही.” एकला बारा मिनिटं कमी होती. कुसुमने डोळे मिटले. आजवर तिने देवीकडे पुष्कळ काही मागितलं होतं. पाना पहिल्यांदाच मागितला.

दारात सायकल पडल्याचा आवाज झाला. अरविंद वॉचमन आत आला. घामाघूम, आणि उजवा पाय लाकडासारखा ताठ टाकत.

अनुराधाताई सवयीने पुढे झाल्या. “किती दिवसांपासून आहे हे? गुडघा वाकतो का? आडवे व्हा बघू.”

“तसं काय नाय बाई.” अरविंदने आजूबाजूला पाहिलं, भिंतीकडे तोंड केलं, आणि पँटच्या पायातून हातभर लांब पाना काढला. “टेम्पो सुटला तेव्हा ह्या मावशींना दगड मारताना बघितलं. जेवणाची सुट्टी आहे माझी.”

“पास घेतला का पान्याचा?” बायडाबाईंना राहवेना.

त्याने गुडघे टेकले, पाना बसवला, मान लाल होईपर्यंत रेटला. कर्रर करून बोल्ट फिरला. एकला चार मिनिटं कमी असताना ममता चटईवर झोपली होती, टेप मांडीभोवती होती आणि शंतनु आकडे लिहीत होते. कुसुम ते आकडे तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणत होती, जणू त्यातला एखादा सांडेल. जीप गेली. अनुराधाताईंनी सांगितलं, “फेब्रुवारीत बूट येतील.” कुसुमने पदराने डोळे टिपले आणि अरविंदला वाकून नमस्कार केला.

तो मात्र पाना हातात धरून तसाच उभा होता.

“काय झालं दादा?”

“हा आत कसा नेऊ? दुपारी गेटवर दुसरा वॉचमन असतो. आत जाताना पण झडती घेतो.”

“तुमच्याहून कडक आहे का?” अनुराधाताईंनी विचारलं.

“मीच शिकवलाय त्याला.”

हळूहळू बायडाबाईंची नजर चौकटीवर गेली, तिच्या मागच्या फळीवर गेली, फळीमागच्या जागेवर गेली. मग प्रभाकरची गेली. “पुन्हा बिघडली म्हणून आणली, असं सांगता येईल,” तो घुटमळत म्हणाला. कुसुम नको म्हणायला तोंड उघडणार, तोच चटईवरून ममताने दोन्ही हात वर केले.

“मी जाते,” ती म्हणाली. “पण वाचमनमामा, आता वहीत माझं नाव लिवायचं.”